गोळा आणि गोळी

रात्री दोनचा सुमार. घरातली सारी माणसे झोपलेली. आपणही गाढ झोपेत. झोपेतच अंग मोडावे, पाय ताणावा, आणि एकाएकी पोटरीत कोणी पक्कड लावून पिळावे तशी कळ उठावी. तोंडातून "आई गं!" निघून जाते. हात लावून पाहावे तर पोटरीत लिंबाएवढा टणक गोळा. पाऊल खाली वाकलेले, बोटे वेडीवाकडी झालेली. दोन-तीन मिनिटे जीव नकोसा होतो. मग गोळा हळूहळू विरतो. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटरी ठणकत राहते.

कोणी ह्याला वांब येणे म्हणतात, कोणी पेटका म्हणतात, कोणी नुसतेच पाय धरला म्हणतात. नाव काही असो. ज्याला येतो त्याला ओळख करून द्यावी लागत नाही.

आम्ही निगडीला राहतो. आमच्या शेजारपाजारी निवृत्त कामगार पुष्कळ. कोणी पिंपरीच्या, कोणी आकुर्डीच्या, कोणी चिंचवडच्या कारखान्यात तीस-तीस वर्षे मशीनपुढे उभे राहिलेले. पाळी दिवसाची असो की रात्रीची, पायाखाली सिमेंटची फरशी. सकाळी दुर्गा टेकडीवर फेरी मारून आलो की आम्ही सारे कट्ट्यावर बसतो. तिथे वांबाचा विषय निघाला की प्रत्येकाजवळ एक औषध असते. एक म्हणतो, केळे खा. दुसरा म्हणतो, रोज एक शहाळे प्या. तिसरा म्हणतो, मीठ-साखरेचे पाणी घ्या, लगेच उतरतो. चौथ्याने पायाला काळा दोरा बांधलेला असतो. तोही छातीठोकपणे सांगतो की गुण आला!

ही औषधे अगदीच खोटी आहेत असे नव्हे. आषाढी वारीला देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी निगडीवरून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला जाते. त्या दिवशी चालून चालून, घामाने निथळून वारकऱ्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. आमच्याकडची पोरे त्यांचे पाय चेपतात, त्यांना सरबत देतात. त्यांना ते मानवते. त्यांचे पाणी गेलेले असते, मीठ गेलेले असते. ते परत मिळाले की पाय सुटतो.

पण ज्याचे हृदय कमजोर झाले आहे, त्याने हेच औषध वारकऱ्याचे पाहून घेतले तर? त्याची गोष्ट निराळी आहे. ती आम्ही स्वतः भोगली आहे, म्हणून इथे सांगायला बसलो.

तीन वर्षांपूर्वी आम्हाला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून वाचलो. पण तपासणीनंतर कागदावर शब्द आले "हार्ट फेल्युअर". आम्ही जन्मभर शाळेत घालवलेली माणसे. फेल म्हणजे नापास, एवढेच आम्हाला ठाऊक. आम्हाला वाटले, संपले! हृदय बंद पडले म्हणजे मग उरले काय? पण त्याचा अर्थ तसा नाही. हृदय बंद पडलेले नसते. त्याची ताकद कमी झालेली असते.

आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीसारखे हे आहे. मोटार चांगली असली की खालच्या हौदातले पाणी वरच्या टाकीत जोराने चढते. मोटार थकली की दोन गोष्टी होतात. वर पाणी पुरेसे पोचत नाही, आणि खालचा हौद तुंबून वाहू लागतो. हृदयाचेही तसेच. ते थकले की हातापायांना, मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते. म्हणून दोन जिने चढले की दम लागतो, अंगात त्राण राहत नाही. आणि मागे रक्त तुंबते, तेव्हा त्यातले पाणी बाहेर झिरपते. पायांत झिरपले की पावले सुजतात, बोट दाबले की खड्डा पडतो. फुप्फुसांत झिरपले की आडवे झाल्याबरोबर श्वास कोंडतो. माणूस एका उशीवरून दोन उशांवर येतो, दोनावरून तीनावर.

हृदय असे का थकते? कोणाला आमच्यासारखा झटका येऊन हृदयाचा एक भाग निकामी होतो. कोणाचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो आणि तो कधी मोजलेलाच नसतो. मधुमेह आहेच. कोणाला लहानपणी घसा सुजून सांधेदुखीचा ताप आलेला असतो, त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. घशाच्या त्या दुखण्याला वेळेवर पेनिसिलिन दिले तर पुढचा अनर्थ टळतो. जाता जाता सांगतो, सरकारी मालकीचा पेनिसिलिनचा पहिला कारखाना आमच्या पिंपरीलाच निघाला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या नावाने १९५४ साली तो स्थापन झाला. कामगारांची एक अख्खी पिढी त्याच्या भोंग्यावर जेवली-झोपली. असो.

तर ह्या तुंबलेल्या पाण्यावर औषध काय? लघवीची गोळी. डॉक्टर तिला निरनिराळ्या नावांनी लिहितात. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड अशी नावे तुमच्या पाकिटावर असतील. ही गोळी मूत्रपिंडाला सांगते, मीठ बाहेर टाक. मीठ निघाले की त्याच्यामागे पाणी निघते. सूज उतरते, फुप्फुसे मोकळी होतात, माणूस आडवा होऊन झोपू शकतो.

ह्या गोळीची किंमत आज आपल्याला कळत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा रोग्याची सूज उतरवायला त्याच्या पायात बारीक नळ्या खुपसून पाणी काढीत. पुढे पाऱ्याची इंजेक्शने आली. पारा म्हणजे विषच, पण त्याने लघवी होई, म्हणून तेही देत. तोंडाने घ्यायची चांगली गोळी मिळू लागली ती १९५८ च्या सुमारास. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळी ही सोय नव्हती. खुर्चीत बसून, टेकायला समोर उशा घेऊन, माणसे रात्री काढीत.

आता अडचण अशी की, ही गोळी मीठ आणि पाणी काढते तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी दोन क्षार बाहेर जातात. एकाचे नाव पोटॅशियम, दुसऱ्याचे मॅग्नेशियम. नावे अवघड आहेत, पण पोटॅशियम हे नाव पाठ करून ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे. आपले स्नायू आखडणे आणि सैल होणे हे ह्या क्षारांच्या जोरावर चालते. ते कमी पडले की पोटरीच्या मज्जातंतूंना विनाकारण चेव येतो. ते स्नायूला हुकूम सोडतात, आवळ! आणि सैल हो म्हणायला कोणी नाही. झाला गोळा.

रात्रीच का येतो? आपण निजलो की पावले आपोआप खाली झुकतात. पोटरीचा स्नायू आधीच आखूड होऊन पडलेला असतो. आखूड स्नायू आणखी आवळला की त्याला गाठ बसायला वेळ लागत नाही. वर जड गोधडी असली तर ती पावलांना अधिकच खाली दाबते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण उपायही हिच्यातच आहे.

गोळीखेरीज दुसरी कारणेही असतात. वय झाले की स्नायू वाळतात. मधुमेहात पायाच्या नसा बिघडतात. मूत्रपिंडाचे दुखणे, थायरॉइडचे दुखणे, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणे, ह्यांतही पाय धरतो. पुष्कळांच्या बाबतीत तर काहीच कारण सापडत नाही. म्हणून सगळा दोष गोळीच्याच माथी मारू नये. आम्ही तो मारला, आणि फसलो. ती हकीकत अशी.

वैशाखाचे दिवस होते. उकाडा भारी. ओळीने चार रात्री आम्हाला वांब आला. चौथ्या रात्री तर दोनदा आला, एकदा डाव्या पायात, एकदा उजव्या. आमच्या सौ. उठून पाय चोळीत बसल्या. पाचव्या दिवशी कट्ट्यावर कोणी तरी म्हणाले, "गुरुजी, तुमची ती लघवीची गोळी आहे ना, तीच पाणी शोषून घेते. तीच कारण." आम्ही विचार केला, बरोबर आहे. गोळी बंद तर गोळा बंद. कोणाला न विचारता गोळी डबीतच ठेवू लागलो. सौ.नाही सांगितले नाही. त्या रोज सकाळी डबी पुढे ठेवीत आणि आम्ही पाण्याचा घोट घेऊन गोळी घेतल्यासारखे करीत असू. शाळेत पोरांनी असले सोंग केले असते तर आम्ही त्यांना बाकावर उभे केले असते.

आणि खरे सांगायचे तर, वांब थांबला! तीन रात्री सुखाची झोप लागली. आम्ही स्वतःवर खूश. चौथ्या दिवशी संध्याकाळी मोजा काढला तर घोट्याच्या वर खोल वळ उठलेला. आम्ही म्हणालो, मोजा घट्ट असेल. पाचव्या रात्री तिसरी उशी मागितली. सौ. म्हणाल्या, "अहो, दोन पुरत होत्या की!" आम्ही म्हणालो, "उकडतंय." सहाव्या रात्री आडवे होताच येईना. आडवे झालो की पाण्यात बुडाल्यासारखे वाटे. खिडकीपाशी खुर्चीत बसलो. खोकला सुटला. बोलायला गेलो तर दोन शब्दांपलीकडे वाक्य जाईना. पहाटे चारला मुलाने १०८ नंबरला फोन लावला. दवाखान्यात पाच दिवस राहावे लागले. तिथे काय औषध दिले असेल? तेच! जी गोळी आम्ही डबीत लपवली होती, तेच औषध शिरेतून, इंजेक्शनाने.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. वयाने आमच्या मुलीसारख्या. त्यांनी विचारले, "काका, गोळी कोणी बंद केली?"

आम्ही खाली मान घालून म्हणालो, "आम्हीच."

"का?"

"पाय फार धरत होता."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मला एक फोन का नाही केलात? दाखल झालात तेव्हाच्या रक्तातसुद्धा तुमचं पोटॅशियम कमी निघालं. आधी कळलं असतं तर मी रक्त तपासून औषध बदललं असतं. पाय पण सुटला असता आणि इथेही यावं लागलं नसतं."

एवढे साधे होते ते. वांब ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असे आम्हाला वाटलेच नव्हते. तपासणीला गेलो की डॉक्टर विचारीत, दम लागतो का, छातीत दुखते का, सूज आहे का. आम्ही उत्तरे देऊन उठत असू. पायाच्या गोळ्याचे काय सांगायचे, म्हातारपणचे दुखणे आहे, असे म्हणून गप्प बसत असू. डॉक्टरांपुढे दोन-चार मिनिटे मिळतात, त्यांत ही क्षुल्लक तक्रार कशाला? क्षुल्लक नव्हती ती.

डॉक्टर काय करू शकतात? लघवीच्या गोळीचे माप कमी-जास्त करू शकतात. गोळीची वेळ बदलू शकतात. क्षार कमी असले तर ते मापाने देऊ शकतात. पोटॅशियम राखून ठेवणारी दुसरी गोळीही असते, स्पायरोनोलॅक्टोन नावाची. ती तर पुष्कळ हृदयरोग्यांना मूळच्या दुखण्यासाठीच देतात. पण ह्यातले काहीही रक्त तपासल्यावाचून ठरत नाही. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन ह्या तिन्हींची तपासणी एका वेळच्या रक्तात होते. पोटॅशियमचा आकडा साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान हवा. खाली गेला तरी वाईट आणि वर गेला तरी वाईट. दोन्हींत हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कमजोर हृदयाला ते जिवावर बेतू शकते.

वर गेला तर काय होते, हे आमच्या कट्ट्यावरच्या एका सोबत्याने दाखवले. आमची हकीकत ऐकून त्याने ठरवले की आपल्याला पोटॅशियम कमी पडू द्यायचे नाही. रोज दोन शहाळी, दोन केळी. शिवाय कोणी तरी सांगितले म्हणून घरात कमी सोडियमचे मीठ आणले. आता त्या मिठात सोडियम कमी केलेले असते ते कशाने? त्यात पोटॅशियमचेच मीठ घातलेले असते. आणि ह्या गृहस्थाला आधीपासून पोटॅशियम राखणारी गोळी चालू होती! महिन्याच्या तपासणीत आकडा सहाच्या वर निघाला. त्याला त्याच दिवशी दाखल करून घेतले. त्याला स्वतःला काही कळले नव्हते, थोडा अशक्तपणा वाटत होता इतकेच.

म्हणजे शहाळे वाईट का? मुळीच नाही. ज्याचा आकडा कमी आहे त्याला डॉक्टर स्वतःच सांगतील. पण ज्याच्या औषधांच्या नावाशेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" येते, किंवा ज्याला स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, त्याच्या अंगात पोटॅशियम साठू लागते. त्याने शहाळे, केळी, असले मीठ हे मनाने वाढवू नये. आपली गोळी कोणत्या जातीची, हे डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या जाणत्या माणसाला पाकीट दाखवून विचारावे. विचारायला लाज कसली?

मीठ-साखरेच्या पाण्याचे बोलू. जुलाबावर ते अमृत आहे. त्याची जी पुडी मिळते, तिच्यात एक लिटर पाण्यामागे २.६ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की धडधाकट माणसानेही दिवसभरात मिळून ५ ग्रॅमांपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एक पुडी संपवली की दिवसाचे निम्मे मीठ पोटात गेले. वर पापड, लोणचे, ठेचा, फरसाण आहेच. कमजोर हृदयाच्या माणसात हे मीठ पाणी धरून बसते. वांबासाठी पुडी घेतली आणि सूज चढली, असे होते. मात्र खरोखरच जुलाब किंवा उलट्या झाल्या, किंवा उन्हात घामाने अंग पार सुकून गेले, तर घरी बसून अंदाज करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अशा वेळी तेच कधी कधी लघवीची गोळी एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. थांबवायचा हक्क त्यांचा.

आणखी एक जुने औषध आहे. आमच्या लहानपणी हिवतापाला कोयनेल देत. कडू जहर! पुढे डॉक्टर मंडळी तेच रात्रीच्या वांबावर देऊ लागली, आणि त्याने वांब काहीसा कमी होतो हे खरेही आहे. पण त्याने रक्तातल्या गोठवणाऱ्या कणांवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर वाईट परिणाम होतात असे दिसून आले. अमेरिकेच्या सरकारने १९९४ साली वांबासाठी कोयनेल चिठ्ठीवाचून विकणे बंद केले. हृदयाच्या रोग्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्यांचेही तेच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ह्या गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. वांब तर पाच मिनिटांत आपणच जातो. गोळी पोटात विरघळेपर्यंत तो गेलेलाही असतो. मग ती घ्यायची कशाला? मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात फार होते. वयस्क माणसांवर केलेल्या प्रयोगांची छाननी २०२० साली पुन्हा झाली, तीत त्यांचा फारसा उपयोग दिसला नाही. ज्याच्या रक्तात मॅग्नेशियम खरोखर कमी आहे त्याची गोष्ट वेगळी.

मग करायचे काय? वांब आला त्या घटकेला काय करायचे ते आधी सांगतो.

पोटरीचा स्नायू आखूड होऊन गाठ बसली आहे. तेव्हा त्याला लांब करायचे. गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटे आपल्या नाकाकडे ओढा. हात पोचत नसेल तर उशाशी एक पंचा ठेवावा. पंच्याचा फास तळव्याला अडकवून दोन्ही हातांनी सावकाश आपल्याकडे ओढावे. झटका देऊ नये. दुखेल, पण दहा-वीस आकडे मोजेपर्यंत गोळा सैल पडू लागतो. मोजताना श्वास कोंडून धरू नका. मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. मग पोटरी हलक्या हाताने चोळावी. गरम पाण्याची पिशवी लावली तरी चालते. पण मधुमेहाने ज्याचे पाय बधिर झाले आहेत त्याने पिशवी लावू नये. भाजले तरी त्याला कळत नाही.

उभे राहून पाऊल जमिनीवर टेकवले तरी वांब सुटतो. पुष्कळ जण तेच करतात. पण आपण रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्या घेणारी माणसे आहोत. झोपेतून ताडकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. वांब राहिला बाजूला आणि खुब्याचे हाड मोडले, असे होऊ नये. आधी दिवा लावावा. मग पलंगाच्या काठावर बसावे. तळवा जमिनीवर पूर्ण टेकवून गुडघ्यावर भार द्यावा. डोके हलके वाटत नाही असे पाहूनच, काही धरून, उभे राहावे.

आता वांब येऊच नये म्हणून. हॉलंड देशात पंचावन्न वर्षांपुढच्या ऐंशी माणसांवर एक प्रयोग झाला, तो २०१२ साली छापून आला. निम्म्या माणसांनी रोज झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणायची, निम्म्यांनी नाही. सहा आठवड्यांनी ताणणाऱ्यांचे वांब संख्येने कमी झाले आणि कळही कमी झाली. ह्याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. भिंतीपासून हातभर दूर उभे राहायचे. दोन्ही तळहात भिंतीला टेकवायचे. एक पाय पुढे, एक मागे. मागची टाच जमिनीवरून उचलायची नाही. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुकायचे, मागची पोटरी ताणलेली कळेपर्यंत. दहा आकडे मोजायचे, सोडायचे. असे तीनदा. मग पाय बदलायचा. दम लागला तर थांबायचे. उभे राहणे जमत नसेल तर खुर्चीत बसून पंच्यानेच ताणावे. आम्ही रात्रीच्या बातम्या चालू असताना हे करतो. सौ. म्हणतात, "भिंत ढकलून झाली का?"

निजताना अंगावरचे पांघरूण पायाकडे सैल ठेवावे. हिवाळ्यात गोधडी लागतेच. तेव्हा पायथ्याशी उशी उभी करावी, म्हणजे तिचा भार पावलांवर येत नाही. पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांनी सांगितलेले असते. वांब येतो म्हणून तांब्याच्या तांब्या रिचवू नये, आणि सूज येईल ह्या भीतीने मे महिन्यात घसा कोरडाही ठेवू नये. सांगितलेले माप दिवसभरात वाटून घ्यावे. लघवीची गोळी सकाळी घ्यायची असेल तर सकाळीच घ्यावी, म्हणजे रात्री सारखे उठावे लागत नाही.

पायातली प्रत्येक कळ म्हणजे वांब नव्हे, हेही ओळखायला हवे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबले की बरे वाटते, तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. तळपायाची आग होते, मुंग्या येतात, तर नसांचे दुखणे असेल. आणि एकच पाय सुजला, गरम लागतो, लाल दिसतो, दुखणे काही केल्या जात नाही, तर त्या पायाला मुळीच चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वांबाबरोबर छातीत धडधड, चक्कर किंवा अंगात फार अशक्तपणा आला, तर उजाडायची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

दवाखान्यातून घरी येताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक काटा घ्यायला सांगितला. वजनाचा. रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत त्याच्यावर उभे राहायचे. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ती चरबी नव्हे. इतक्या लवकर चरबी चढत नाही. ते पाणी. लगेच कळवायचे. त्या सहा दिवसांत आमच्याकडे काटा असता तर मोजा घट्ट आहे अशी स्वतःची समजूत घालायला आम्हाला जागाच राहिली नसती.

शाळेतली एक कोरी हजेरीवही आमच्याजवळ पडून होती. तिच्यात आता आम्ही रोज चार गोष्टी लिहितो. वजन किती. उशा किती. गोळी घेतली की नाही. वांब आला का, कोणत्या पायात, किती वाजता. तपासणीला जाताना वही बरोबर नेतो. डॉक्टरीणबाई पाने उलटतात आणि अर्ध्या मिनिटात त्यांना सगळे कळते. मागच्या खेपेला त्यांनी गोळीचे माप थोडे कमी केले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले. त्या पंधरा दिवसांत वांब दोनदा आला. वजन तेवढेच आहे. उशा दोन. काट्यावरचा आकडा आम्हाला चष्म्यावाचून दिसत नाही, म्हणून तो सौ. वाचतात. गोळीही आता त्या स्वतः हातावर ठेवतात, आणि गिळून होईपर्यंत समोरून हलत नाहीत.